टोपीखालचा सा

"तुझा डावा हात काय करतो, मास्तर?" कायताननं वाजवता वाजवता विचारलं.

मी खाली पाहिलं. उजवा हात पियानोच्या पट्ट्यांवर होता. डावा मात्र पियानोच्या कडेशी, हवेतल्या हवेत, पुढे-मागे हलत होता. भाता मारत होता. पियानोला भाता नसतो हे मला ठाऊक होतं. माझ्या हाताला ते कुणी सांगितलं नव्हतं.

ड्रमवर बसलेला बर्नी इतका हसला की त्याच्या हातातली काठी निसटली आणि घरंगळत डायनिंग हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेली. सॅक्सोफोनवाला अल्विटो हसला नाही. बँड त्याचा होता. त्यानं कपाळाला हात लावला. त्याच्या नेहमीच्या पियानोवाल्याला कावीळ होऊन तो मुंबईला परतला होता, पाचगणीतला सीझन सुरू होऊन आठवडा उलटला होता, आणि सगळं गाव पालथं घातल्यावर त्याला मी सापडलो होतो. मधुसूदन गुरव, वय चोवीस, राहणार वाई, पेटीवादक.

ही सहासष्ट सालच्या एप्रिलची गोष्ट. पाचगणीच्या एका शाळेत मी संगीत शिक्षक होतो, हंगामी. त्या शाळेच्या हॉलमध्ये कुणा मडमेनं मागे सोडलेला पियानो होता. पोरांची प्रार्थना मी त्याच्यावर वाजवायचो. उजव्या हातानं चाल आणि डाव्या हाताच्या करंगळीनं खालचा सा; मध्ये मोकळा झाला की तो हात सवयीनं भाता मारू लागायचा. सा एकदा दणकून लावला की बाकीचं आपोआप उभं राहतं, हे वडिलांनी देवळातल्या कीर्तनात पेटी शिकवताना सांगितलं होतं. मी ते सगळीकडे चालवत होतो.

शाळेला सुट्टी लागली होती. सुट्टीनंतर पुन्हा घेतील की नाही याची खात्री नव्हती. आणि मला खात्रीची नितांत गरज होती, कारण वाईत शालन होती. शालनचे वडील पोस्टात नोकरीला. त्यांनी माझ्या वडिलांना तोंडावर सांगितलं होतं, "मुलगा चांगला आहे, नाही कोण म्हणतो? पण त्याच्या नावापुढे 'कायम' असं लिहून आणा. हंगामी माणसाला मी मुलगी देणार नाही." शालनचं मला पत्र येणंही शक्य नव्हतं. वाईतलं प्रत्येक पत्र तिच्या वडिलांच्या हाताखालून जायचं.

तर पेरीनबाई या पारशी बाईंच्या हॉटेलात संध्याकाळच्या चहाला वाजवायचं काम मी घेतलं. साडेचार ते सात. मुंबईची मंडळी चहा पीत, केक खात आणि जोडीजोडीनं नाचत. चौघांचा बँड. अल्विटो, त्याचा मेव्हणा बर्नी, मी आणि कायतान मिनेझिस.

कायतान बेस वाजवायचा. माणसाहून उंच असं ते वाद्य, व्हायोलिनचा आजोबा म्हणावा असं. ते उभं धरून तो त्याच्या जाड तारा बोटांनी छेडायचा. पेरीनबाई त्याला 'कपाट' म्हणत आणि कायतानला 'कपाटवाला'. अठ्ठावन्न वर्षांचा, सुकलेल्या खारकेसारखा माणूस. गोव्याचा, पण तीस वर्षं मुंबईत काढलेली. सतरा सीझन तो पेरीनबाईंकडे येत होता. मराठी बोलायचा, पण चिडला किंवा खूश झाला की कोंकणीत शिरायचा, आणि तो सारखा चिडत तरी असे किंवा खूश तरी असे.

माझ्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या बेसची सगळ्यांत जाड तार तुटली. मुंबईहून नवी यायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस कायतान चहाच्या वेळी व्हरांड्यात पाइप ओढत बसला आणि आम्ही तिघांनी वाजवलं. मी घाबरून डाव्या हातानं सा ठोकत राहिलो. गाणं चुकत होतं, पण पडत नव्हतं. पेरीनबाई काउंटरपाशी विणकाम करत ऐकत होत्या, याकडे माझं लक्ष नव्हतं.

तार आली, कायतान परत उभा राहिला, आणि पहिल्याच गाण्यात सगळा चिखल झाला. तो खाली, मी खाली. गाणं संपल्यावर तो माझ्याकडे वळला.

"मास्तर, तू कित्याक माझा सा खातो?"

"सा खातो म्हणजे?"

"मी खाली वाजवतो. तू पण खालीच. एका खुर्चीत दोघे बसले तर खुर्ची मोडता. उद्या अकरा वाजता ये. हॉल रिकामा असता."

मी गेलो. खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या होत्या आणि फरशी ओली होती. कायतान बेस घेऊन पियानोशेजारी उभा.

"डाव्या हाताची चार बोटं ठेव," तो म्हणाला. "पांढरी एक हा सा धरून. सा, ग, प, नी."

मी ठेवली. छान भरीव वाजलं.

"आता सा काढ. त्याच्याऐवजी वर रे लाव."

ग, प, नी, रे. मी वाजवलं आणि माझं तोंड वाकडं झालं. सूर गोड होते, पण घरंगळत होते.

"याला बूड नाही हो, कायतानबाब."

"नाही ना? परत वाजव."

मी परत वाजवलं, आणि त्याच क्षणी त्यानं आपली जाड तार छेडली. खालचा सा. एकच, मोठा, गोल. माझ्या चार बोटांखालचे सूर जागच्या जागी बसले. नुसते बसले नाहीत, उजळले. इतकी वर्षं मी सा ग प वाजवत होतो, पण असा सा मला कधी ऐकू आला नव्हता, कारण तो मीच वाजवत होतो. मला एकदम भरून आलं. मी नाक ओढलं आणि ओल्या फरशीचा वास येतोय असं दाखवलं.

"बरें?" कायताननं विचारलं.

"बरें," मी म्हणालो.

मग तो पुढे गेला. म, ध, सा, ग. मी खूश झालो. "यात सा आहे की!"

"तो सा नव्हे. आता मी खाली रे वाजवतो. आता रे हाच सा."

"म्हणजे सा हलतो?"

"दर मापाला. चार मात्रा झाल्या की."

"आमच्याकडे सा हलत नाही."

"म्हणून तुमी जमिनीवर बसून वाजवता," कायतान म्हणाला, "आमी उभे."

मी वहीत सरगमीतच लिहून घेतलं. म ध सा ग. मग त्यातला फक्त सा उतरतो नीवर, बाकी तीन बोटं जिथल्या तिथे, म ध नी ग, आणि कायतान खाली प देतो. मग घरी यायचं, ग प नी रे. एक बोट एवढंसं सरकतं आणि सगळं गाव बदलतं. मी हे दिवसभर गुणगुणत टेबललँडवर फिरलो. एका घोडेवाल्यानं मला विचारलं, बरं वाटतंय ना.

पण माझा हात. गाणं जरा जोरात गेलं की करंगळी धावत खाली जायची आणि सा ठोकायची. चार दिवस कायताननं ओरडून पाहिलं. पाचव्या दिवशी त्यानं डोक्यावरची तपकिरी फेल्ट टोपी काढली आणि पियानोच्या डावीकडच्या, खालच्या पट्ट्यांवर ठेवून दिली.

"ही माझी जागा. टोपी हलली तर चहा तुझ्यातर्फे."

पहिल्या आठवड्यात मी त्याला अकरा चहा पाजले. दुसऱ्या आठवड्यात चार. तिसऱ्या आठवड्यापासून टोपी तिथे असते हे मी विसरलो. संध्याकाळच्या कार्यक्रमातही ती तिथेच असायची. पाहुण्यांना वाटे, ही काहीतरी फॅशन असावी. एकदा एका मुलानं तिच्यात चार आण्याचं नाणं टाकलं. कायताननं ते काढून त्याला परत दिलं आणि वर एक बिस्किट दिलं.

"पण एकटा वाजवत असेन तर?" मी एकदा विचारलं होतं. "बेसवाला नसेलच तर?"

"तर सा तुझा. भुरग्यालाही, एवढ्याशा पोरालाही समजता. मी असलो तर माझा, नसलो तर तुझा." मग तो जरा वेळ पाइप साफ करत राहिला. "आता मुंबईत बेस कोण विचारतो, मास्तर? पोरं बिजलीचा गिटार घेतात. एक गिटार काखेत मारून बसमधून जाता येतं. हा माझा बाप्पा टॅक्सीत पण मावत नाही. अल्विटो मला घेतो तो इथल्या सीझनपुरता. इथे नसलो तर मी कुठेच नाही."

तो हे तक्रारीच्या सुरात बोलला नाही. बाजारात आंबा आला का, असं विचारावं तसं बोलला.

मे महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी पेरीनबाईंनी मला ऑफिसात बोलावलं. वेताच्या खुर्चीत बसून त्या कुणासाठी तरी मोजे विणत होत्या.

"मास्टर, तू लगन करते असं मी ऐकलं."

"ठरलं तर," मी म्हणालो.

"ऐक, डिकरा. मी पुढच्या सीझनचा कागद करते. चार माणस मला नको. तीन बस झालं. पहिल्या आठवड्यात तू वाजवलं ना, ते तार तुटलं तेव्हा? तुझा डावा हात एकदम कपाटचा काम करते. कोण काय बोलला? कोण नाय बोलला. मग कपाट कशाला पाहिजे?"

त्यांनी मोज्याची सुई बदलली.

"आणि तुला मी कायम ठेवते. सीझनला बँडमध्ये, बाकी वर्षभर तू एकटा, चहाला. लिहून देते, 'कायम'. रविवारी बघते. दुसऱ्या भागात कपाट कोपऱ्यात, तुम्ही तिघं वाजवा. तू पहिल्यासारखा वाजव."

कायम. तो शब्द त्यांनी माझ्यासाठी शोधून ठेवल्यासारखा उच्चारला. मी "बरं" म्हणालो आणि बाहेर आलो. शुक्रवारी अकरा वाजता मी शिकायला गेलो. शनिवारीही गेलो. कायताननं टोपी ठेवली, मी चार बोटं ठेवली. दोन्ही दिवस त्याला सांगेन सांगेन म्हणत मी सांगितलं नाही. शनिवारी त्यानंच विचारलं, "आज तू माझ्या तोंडाकडे बघत नाही. पोट बिघडलं?" मी हो म्हणालो. त्यानं स्वयंपाकघरातून मला ओवा आणून दिला. तो मी त्याच्यासमोर चावून खाल्ला.

रविवारी हॉल गच्च भरला होता. सीझनचा शेवटचा रविवार. पहिला भाग चौघांनी वाजवला आणि तो आमचा त्या सीझनमधला सगळ्यांत चांगला भाग होता. मध्यंतरात पेरीनबाईंनी अल्विटोला बाजूला घेतलं. अल्विटोनं कायतानला व्हरांड्यात नेलं. काचेतून मला दोघं दिसत होते. अल्विटो हातवारे करत होता, कायतान नुसता मान हलवत होता.

तो आत आला. बेस त्यानं कोपऱ्यात आडवा निजवला, झोपलेल्या मुलाला ठेवावं तसा. मग पियानोपाशी आला. खालच्या पट्ट्यांवरची टोपी त्यानं उचलली.

"आज जागा मोकळी आहे, मास्तर," तो हळूच म्हणाला. "वाजव. लाज नको."

आणि टोपी हातात घेऊन तो पाहुण्यासारखा एका टेबलाशी जाऊन बसला. वेटरनं त्याच्यापुढे चहा ठेवला. सतरा सीझनमध्ये त्या हॉलमध्ये बसून त्यानं प्यालेला तो पहिलाच चहा असावा.

अल्विटोनं बोटांनी ताल दिला आणि आम्ही सुरू झालो.

मी खाली गेलो नाही. म ध सा ग. म ध नी ग. ग प नी रे. बिनबुडाचे सूर, एकामागून एक. अल्विटोनं सॅक्सोफोन तोंडात असतानाच माझ्याकडे डोळे वटारले. बर्नी पायानं ढोल जोरजोरात मारू लागला, त्यानं आणखीच पोकळ वाटायला लागलं. गाणं दारापाशी घुटमळत राहिलं, घरात येईना. नाचणाऱ्या जोड्या आधी मंदावल्या, मग एकमेकांना धडकू लागल्या. सोराबजी म्हणून एक म्हातारे दर रविवारी बायकोबरोबर पहिल्यापासून शेवटपर्यंत नाचायचे. ते हॉलच्या मध्यावर थांबले.

"पेरीन!" ते तिथूनच ओरडले. "आज पाय कुठे ठेवायचा तेच समजत नाय! कपाटवाला कुठे गेला?"

लोक हसले. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. पेरीनबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मग कायतानकडे वळल्या.

"ऊठ नी, कपाटवाला. बसून काय राहिला?"

कायताननं आधी चहा संपवला. बशीत सांडलेलाही प्याला. मग उठून कोपऱ्यातून बेस उभा केला, पदर सावरावा तशी तार जुळवली आणि गाण्याच्या मधूनच आत आला. एक सूर. सगळ्या हॉलला जमीन आली. सोराबजींनी बायकोच्या कमरेत पुन्हा हात घातला.

सात वाजता कार्यक्रम संपला. मी वही गोळा करत होतो. कायतान आला, माझा डावा हात त्यानं आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याच्या बोटांची टोकं सुपारीसारखी टणक होती. मान खाली घालून तो म्हणाला, "देव बरें करूं." गोव्याची माणसं आभार मानताना असं म्हणतात. मग तो टोपी घालून निघून गेला.

पुढच्या सीझनचा कागद चौघांचा झाला. त्यात चौथं नाव मुंबईच्या जुन्या पियानोवाल्याचं होतं. त्याची कावीळ बरी झाली होती. मला पेरीनबाई काही बोलल्या नाहीत. फक्त निरोपाला केकचा डबा दिला.

शालनसाठी मला आणखी दोन वर्षं थांबावं लागलं, साताऱ्याच्या शाळेत कायम होईपर्यंत. तीही थांबली. आजही काही बिनसलं की ती म्हणते, "त्या म्हाताऱ्याच्या टोपीपायी माझी दोन वर्षं गेली." पण म्हणताना ती मला पोळीवर तूप जरा जास्तच वाढते. कायतान पुढे तीन सीझन पाचगणीला आला. मी रविवारी साताऱ्याहून एसटीनं जायचो आणि सोराबजींच्या शेजारच्या टेबलावर बसून ऐकायचो.

ही गोष्ट मी इथवरच सांगत आलो. मुलांना सांगितली, विद्यार्थ्यांना सांगितली. माझ्या निवृत्तीच्या समारंभात एका सहकाऱ्यानं ती भाषणात सांगितली आणि तिच्यासाठी 'त्याग' असा शब्द वापरला. मी मान खाली घालून बसलो. लोकांना तो विनय वाटला.

खरं काय झालं ते असं.

मी सा लावणार होतो. शनिवारी ओवा चावतानाच माझं ठरलं होतं. कायतानचं आयुष्य सरत आलंय, माझं सुरू व्हायचंय, आणि नियम त्यानंच सांगितलाय, तो नसला तर सा माझा. टोपी उचलून त्यानं जागाही मोकळी करून दिली. आता कसली लाज? अल्विटोनं ताल दिला आणि मी डावा खांदा खाली झुकवला. हात सरकवला. आणि बोटं पडली ती म ध सा गवर.

मी म्हटलं, चुकलं. पुढच्या मापाला पुन्हा हात खाली नेला. म ध नी ग. पुन्हा. घाम फुटला. सहा आठवडे जिथे टोपी होती तिथे माझा हात जाईना. टोपी उचललेली मला दिसत होती, हाताला दिसत नव्हती. घरात जिथे रोज कुणीतरी झोपलेलं असतं तिथे अंधारातही आपला पाय पडत नाही, तसं झालं होतं. सोराबजी ओरडले तेव्हा मी चौथ्यांदा प्रयत्न करत होतो. लोक हसले तेव्हा मला रडू फुटायच्या बेतात होतं, ते कायतानसाठी नाही, माझ्या गेलेल्या नोकरीसाठी.

आणि मग हा माणूस येऊन माझा हात धरून आभार मानतो. मला चार दिवस जेवण गेलं नाही.

सीझन संपला त्या सकाळी मी पाचगणीच्या एसटी स्टँडवर गेलो. गाडीच्या टपावर कायतानचा बेस गोणपाटात गुंडाळून आडवा बांधत होते, आणि खाली उभा राहून तो हमालाला कोंकणीत शिव्या देत होता. हमाल मराठीत देत होता. दोघं मजेत होते.

"कायतानबाब," मी म्हणालो, "मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"सांग."

"त्या रविवारी मी तुमच्यासाठी नाही केलं. मी सा लावायलाच गेलो होतो. पेरीनबाईंनी मला कायम करते म्हणून सांगितलं होतं. मला ते गुरुवारीच माहीत होतं. हात गेला नाही, म्हणून. नाहीतर मी तुमची जागा घेतली असती."

एका दमात बोलून मी उभा राहिलो. आता तो थोबाडीत देईल असं वाटलं. दिली असती तर बरंच वाटलं असतं.

कायताननं पाइप काढला, तंबाखू भरली, काडी ओढली.

"पळय, मास्तर," तो म्हणाला. "सहा आठवडे मी काय बघत होतो? तुझं तोंड? मी तुझा डावा हात बघत होतो. त्या दिवशी चहा पिताना पण तोच बघत होतो. तुझा खांदा असा गेला." त्यानं आपला डावा खांदा हुबेहूब माझ्यासारखा झुकवला. "एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा अर्धाच."

माझ्या कानात गरम वाफ भरल्यासारखं झालं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत? अल्विटोनं व्हरांड्यातच सगळं सांगितलं होतं. मी मनात म्हणत होतो, जा बाबा, जा, पोराचं लगीन होता. हात काय ऐकना."

"मग तुम्ही मला 'देव बरें करूं' कशाला म्हणालात?"

"तुला?" कायतान खरोखरच चकित झाला. "तुला कोण म्हणालं? मी हाताला म्हणालो."

कंडक्टरनं घंटी मारली. अल्विटो खिडकीतून ओरडू लागला. कायतान पाइप विझवत घाईघाईनं चढला आणि खिडकीशी जाऊन बसला. गाडी मागे आली, वळली. मी उजवा हात वर करून हलवला.

त्यानं खिडकीतून नापसंतीनं मान हलवली आणि बोटानं खूण केली. हा नव्हे, तो.

निरोपाला कुणी डावा हात दाखवत नाही. पण मी दाखवला. स्टँडवरच्या सगळ्या लोकांसमोर मी माझा डावा हात उंच केला.

तेव्हा कायताननं डोक्यावरची टोपी काढली, आणि गाडी पसरणी घाटाच्या वळणाआड जाईपर्यंत ती पुन्हा घातली नाही.